पाचातली एक

सहदेवनं शेवटची टोपली राशीवर उपडी केली, डोक्यावरची चुंबळ काढून तिनंच तोंड पुसलं आणि मांडवाखाली वही घेऊन बसलेल्या काळुरामला विचारलं, "किती झाल्या, दाजी?"

काळुरामनं ओळीवर बोट ठेवलं. "बेचालीस."

"किती?"

"बेचालीस."

सहदेवनं कमरेची पुरचुंडी सोडली आणि उघड्या वहीवरच ओतली. चिंचोके होते. सकाळपासून टाकलेल्या प्रत्येक टोपलीमागं एक चिंचोका त्यानं बाजूला टाकला होता. "मोजा. बावन्न हायत. चिंचोक्याना लिवता येत नाय, म्हनून त्ये खोटा बोलत नाईत."

मागं रांगेत उभ्या असलेल्या बायकांत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण मुकादम दगडू काठी टेकत पुढं आला होता.

काळुरामच्या कानशिलांतून ऊन चढल्यासारखं झालं. त्यानं चिंचोके एकेक उचलून बाजूला ठेवले. "मिठान माती असते, पानी असता. घट धरावी लागते, सहदेव."

"दहा टोपल्या माती? माती वाहाची तर मी माज्या शेतान नसती का वाहिली?"

"ए, हो बाजूला!" दगडू ओरडला. "मेहत्यानं लिवला त्यो लिवला. आंगठा दे नायतर चालता हो."

सहदेव मेहुण्याकडं बघत राहिला. मग शाईत आंगठा बुडवून त्यानं तो कागदावर असा दाबला की पुढच्या दोन पानांवर डाग उठला. रांगेत त्याच्यामागं त्याची बहीण उभी होती, काळुरामची बायको तुळसा. मिठाचं पाणी तिच्या कपाळावरून मानेवर उतरत होतं. ती राशीकडं गेली, टोपली ओतली, आपला आकडा न विचारताच आंगठा देऊन निघून गेली.

माजिवड्याच्या खाडीकाठचं ते आगर गोपीनाथअण्णांचं. मिठागराच्या मालकाला तिकडं शिलोत्री म्हणत. अण्णा बापापासून शिलोत्री होते. दिवाळी सरली की भरतीचं पाणी उघाडीतून, बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचं, वाफ्यावाफ्यांतून फिरवायचं, तापू द्यायचं. आणि खालच्या वाफ्यांत मीठ धरलं की लाकडी पावडीनं ओढून काठाला लावायचं. ओढायचं पुरुषांनी, वाहायचं बहुतेक बायकांनी. सगळा गाव आगरी. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. पाय सकाळी पाण्यात पडले की दुपारपर्यंत टाचांच्या भेगा पांढऱ्या होत आणि संध्याकाळी त्यांतून रक्त येई. वैशाखात तर पांढऱ्या मिठावरून ऊन असं परतून डोळ्यांत घुसे की माणसं चाळिशीतच डोळे बारीक करून बघायला लागत. शंभर टोपल्यांना सात आणे मिळत.

आधी या आगरावर कल्याणहून आलेला एक म्हातारा मेहता लिहायला होता. तो रोज भांडणं ओढवून घ्यायचा. माणसं त्याच्या अंगावर धावून जात. अण्णा हुशार. काळुरामचा बाप बांध बुजवताना तापानं गेला, तेव्हा अण्णांनी पोराला ठाण्याच्या शाळेत घातलं, चार इयत्ता करून घेतल्या आणि विसाव्या वर्षी त्याच मांडवाखाली वही देऊन बसवलं. गावातला पहिला लिहिणारा. त्या दिवशी म्हाताऱ्यांनी नारळ फोडला. आता आपला पोरगा लिहितो म्हटल्यावर कुणी मोजायचंच सोडून दिलं. भांडणं थांबली.

पहिल्या दोन वर्षांत अण्णा म्हणाले, विसात एक घट धर. सगळीकडं धरतात. काळुरामनं धरली. या साली माघात दगडू निरोप घेऊन आला: पाचात एक.

त्या संध्याकाळी तुळसा चुलीपुढं बसून तांदळाची भाकरी थापत होती. चार वर्षांची शालू ओट्यावर झोपली होती. काळुराम वाटीत कोकमाचं तेल पातळ करून बायकोच्या पुढ्यात ठेवायला आला. रोजचंच काम होतं ते; तिच्या टाचा तोच भरायचा.

तिनं पाय आखडून घेतले.

"माज्या किती लिवल्या आज?"

"बत्तीस."

"मी चालीस टाकल्या."

"मना ठाव हाय."

भाकरी तिच्या हातातच राहिली. "ठाव हाय? मना वाटला तुमची चूक होते. उन्हान डोला फिरतो, म्हनून."

त्यानं तेलाची वाटी खाली टेकवली.

"मंग निदान माज्या तरी पुऱ्या लिवाच्या. मी तुमची बायको हाय."

"तुज्या पुऱ्या लिवल्या तर बाकीच्यांच्या कमी दिसतील."

तुळसानं भाकरी तव्यावर टाकली. ती फुगली, एका बाजूनं करपली, तरी तिनं उलटली नाही. "म्हंजे चोरीन तुमी सगल्याना सारका न्याय देता," ती म्हणाली. "आपल्या बायकोला पन सोडत नाय. मोटा खरा मानूस."

तेलाची वाटी तशीच राहिली. सकाळी तिच्यावर तवंग धरून मुंगळे बुडाले होते.

दुसऱ्या दिवशी आगरावर जाण्याआधी काळुराम ठाण्याला गेला. खोपट गावाच्या शेतांमधून चालत तळ्याकाठच्या अण्णांच्या घरी पोचला तेव्हा ओटीवर न्हावी अण्णांची दाढी करत होता. अण्णांनी साबणाच्या फेसातून डोळ्यानंच, खाली उभा राहा, अशी खूण केली. काळुराम अंगणात उभा राहिला. एक गाल झाला, दुसरा झाला. ऊन त्याच्या मानेवर आलं.

"बोल," अण्णा म्हणाले.

"अण्णा, पाचात एक मला यापुढं लिहिता येणार नाही."

"विसात एक लिहिता येत होतं?"

"हो."

"ती खरी होती का रे? विसातल्या एका टोपलीत माती असायची?"

काळुरामनं नकारार्थी मान हलवली.

"मग तू दोन वर्षांपूर्वीच बाटलास. आता सोवळं नेसून काय उपयोग? हात तोच, टाक तोच." अण्णांनी न्हाव्यापुढं हनुवटी वर केली. "आणखी काही?"

"पाचवी टोपली राशीत नाही, अण्णा. दगडू ती बांधापलीकडं तिवराच्या झाडीत टाकायला लावतो. रास मोठी झालीय, जागा नाही, असं बायकांना सांगतो. ती माझ्या वहीत नाही, म्हणजे सरकारच्या वहीतही नाही. त्या मिठावर जकात—"

न्हाव्याचा वस्तरा थांबला.

"तू मेहता आहेस की नाकेदार?" अण्णांचा आवाज चढला नाही. "काळू, वही माझी, शाई माझी, तुझ्या शाळेची फी माझी. अक्षर तेवढं तुझं. ते चांगलं काढ. मोत्यासारखं काढतोस, मी चारचौघांत सांगतो. जा, भरती येईल, उशीर होतोय."

तो गेला. मांडवाखाली बसला. त्या दिवशीही पाचात एक घट लिहिली. दुसऱ्या दिवशीही लिहिली. त्या भेटीनंतर आठ दिवस तशीच लिहिली. नोकरी सोडावी असं दर सकाळी वाटायचं आणि दर सकाळी घरातलं तांदळाचं मडकं दिसायचं. दोष मडक्याला देता येत नव्हता, हेही त्याला कळत होतं. टाक बुडवताना हात थरथरायचा नाही, त्याचाच त्याला जास्त राग यायचा.

नवव्या दिवशी मीठखात्याचा नवा साहेब टेप घेऊन आला. बरोबर सहा शिपाई. त्यांनी रास मोजली, वही तपासली, दोन्ही जुळलं. मग एक शिपाई लघवीला म्हणून तिवरात गेला आणि पळतच परत आला.

बांधापलीकडं, सहदेवच्या वाफ्यांच्या नेमकं मागं, गवतानं शाकारलेली दुसरी रास होती. माणसाच्या छातीएवढी उंच, लांबच लांब.

"हे कुणाचं?" साहेबानं विचारलं.

दगडूनं क्षणभर आकाशाकडं बघितलं. मग त्याची काठी सहदेवकडं वळली.

"माजा?" सहदेव हसलाच. "तूच सांगायचास तया टाका म्हनून! इचारा ह्या सगल्या बायकाना!"

बायका एकदम बोलायला लागल्या. दगडू म्हणाला, मी कधीच सांगितलं नाही. साहेबानं कानांवर हात ठेवले.

दुपारी अण्णा बैलांच्या दमणीतून आले. उतरल्या उतरल्या त्यांनी छत्री उघडली आणि कारकुनाकडून मागच्या सालची वही मागवली. दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. "साहेब, हे बघा. तेवढीच माणसं, तेवढेच वाफे, पाऊस नाही की ढग नाही. आणि माघापासून मीठ पाचव्या हिश्शानं कमी. मी रोज डोकं खाजवत होतो, जातंय कुठे! आता कळलं. ही मंडळी पाचवी टोपली तिकडं नेत होती. आणि हा त्यांचा पुढारी. परवाच मोजणीवरून कांगावा करत होता. चोराच्या उलट्या बोंबा."

साहेबानं वही उलटली. "फार स्वच्छ लिहिलंय," तो म्हणाला. "कुणी लिहिलं?"

"यांच्यातलाच आहे," अण्णा म्हणाले. "आरोपीचा सख्खा मेहुणा. तो खोटं कशाला लिहील?"

काळुराम मांडवाखालीच उभा होता. त्यानं मागच्या तीन महिन्यांत काढलेलं प्रत्येक अक्षर आता त्याच्याकडं पाठ फिरवून सहदेवच्या अंगावर चालून जात होतं. तो बोलायला पुढं झाला, आणि अण्णांनी नुसतं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

शिपायांनी सहदेवच्या कमरेला दोरी बांधली. त्याच्या पायांवरचं मीठ उन्हात वाळून पांढरं झालं होतं. त्याची आई आवडाबाई, काळुरामची सासू, हातातली टोपली टाकून धावत आली. शिपायांना ती काही म्हणाली नाही. जावयापुढं येऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून तिनं त्याला ‘तुमी’शिवाय कधी बोलावलं नव्हतं.

"तू लिवलास," ती म्हणाली.

"मामी—"

"तू लिवलास." आणि ती दोरीमागून ठाण्याच्या वाटेला लागली.

सगळे पांगल्यावर अण्णांनी त्याला दमणीशी बोलावलं. "सोमवारी कचेरीत साक्ष आहे. एकच प्रश्न विचारतील: वही खरी का? हो म्हणायचं. तुझ्या मेहुण्याला तीन-चार महिने होतील. त्याच्या घरी मी दाणे पाठवीन. बायकोपोरं नाहीत, आईच तेवढी. तो सुटून आला की त्याला मुकादम करीन, दगडू आता म्हातारा झाला. आणि तू नाही म्हणालास, तर खोटी वही लिहिली कुणी? तू. सजा कुणाला? तुला. आणि तुम्ही दोघे मिळून चोरी करत होता असं ठरलं, की त्यालाही. नीट विचार कर. तू हिशेबी माणूस आहेस."

आगराला सील लागलं. वाफ्यांत मीठ धरलेलं, ओढायला कुणी नाही. बायका बांधावर नुसत्या बसून राहत. समोर केलेलं काम पाण्यात पडलेलं, आणि हात लावला तर शिपाई ओरडतो. तुळसा रोज सकाळी भाकरी बांधून ठाण्याला कोठडीवर जाई. परत आली की भांडी जोरात घाशी. रविवारी संध्याकाळी ती दारात तांदूळ निवडत होती. काळुराम तिच्याजवळ येऊन बसला. अण्णा काय म्हणाले ते त्यानं सगळं सांगितलं.

तिनं निवडणं थांबवलं नाही. खडा सापडला की अंगणात भिरकावायची.

"तू काय म्हंतेस?"

"मी काय म्हनू? माज्या एका हाताला भाव हाय, एका हाताला नवरा. मना तोडाला सांगता?" एक खडा लांब गेला. "तुमाला जो बोलाचा त्यो बोला. पन जो बोलाल त्यो घरी येऊन माज्या आयशीच्या म्होरं बोलाचा. तिच्या तोंडावर. येवराच."

सोमवारी कचेरीच्या आवारात निम्मा माजिवडा येऊन बसला होता. आत मॅजिस्ट्रेट साहेब, मीठखात्याचा साहेब, अण्णा आणि त्यांचा वकील, बाजूला दोरीतला सहदेव. त्याची दाढी वाढली होती. त्यानं काळुरामकडं बघितलं नाही.

शपथ झाली. वकिलानं वही त्याच्यासमोर धरली, अगदी प्रेमानं. "हे अक्षर तुझं?"

"माझं."

"वही रोजच्या रोज लिहिलेली?"

"रोजच्या रोज."

"आणि खरी."

वकिलानं प्रश्न असा विचारला की तो प्रश्न नव्हताच. तो पुढचं पान उलटायलाही लागला होता.

"खोटी," काळुराम म्हणाला.

वकिलाचं बोट पानावरच राहिलं.

"माघापासून पाचातली एक टोपली मी लिहिली नाही. त्याआधी दोन वर्षं विसातली एक लिहिली नाही. तिवरातलं मीठ ह्या लोकांनी दगडूच्या सांगण्यावरून दिवसाउजेडी नेऊन टाकलंय. चोरून नाही. सहदेवनं माझ्यासमोर हिशेब मागितला होता. तो खरा होता आणि मी त्याला माती सांगितली."

"कुणाच्या सांगण्यावरून?" मॅजिस्ट्रेट साहेबानं विचारलं.

"गोपीनाथअण्णांच्या."

आवारात कालवा झाला. शिपायानं दरडावलं. वकील सावरला. त्यानं उपरणं नीट केलं. "मालकाची चिठ्ठी आहे?"

"नाही."

"साक्षीदार?"

"मी अण्णांच्या घरी बोलायला गेलो तेव्हा न्हावी होता."

न्हाव्याला बोलावणं गेलं. तो येईपर्यंत दुपार झाली. तो हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, सरकार, वस्तरा कानाशी चालत असतो, त्याच्या खरखरीत मला कधी कुणाचं काही ऐकू येत नाही. बोलताना तो अण्णांच्या हनुवटीकडं बघत होता.

"म्हणजे," वकील हसून म्हणाला, "खोटं लिहिल्याचं हा स्वतः कबूल करतो, मालकाविरुद्ध कागद नाही, माणूस नाही. मेहुणा मीठ लपवणार आणि हा वहीत झाकणार. सरळ आहे."

मॅजिस्ट्रेट साहेबानं चष्मा काढला. तो थकलेला होता, पण ऐकत होता. "तुझी वही खोटी, असं तू म्हणतोस. मग खरं किती होतं, हे कशावरून ठरवायचं?"

"माझ्यावरून."

"म्हणजे?"

"साहेब, पाचवा भाग खायचा तर आधी पाच मोजावे लागतात." काळुरामचा आवाज आता वर गेला. इतक्या दिवसांचं आत दाबलेलं बाहेर येत होतं, आणि तो राग कुणावर होता ते त्यालाही सांगता आलं नसतं. "खोटं लिहायला मला रोज खरं मोजावं लागत होतं. एकूण एक टोपली मोजलीय मी. माघापासून तिवरात किती गेल्या तो आकडा मी सांगतो, तुमचे शिपाई मीठ मोजून बघू देत. आगरावर चाळीस माणसं. सगळ्यांची मिळून पाचवी टोपली आहे ती. एकट्या सहदेवला एवढं वाहायला चार जन्म लागतील!"

त्यानं आकडा सांगितला. मीठखात्याच्या साहेबानं कागद काढून राशीच्या मापाशी ताडून बघितला. बराच वेळ बघितला. मग मान हलवली.

निकाल तिसऱ्या दिवशी लागला. वहीवर भरवसा ठेवता येत नाही म्हणून सहदेव सुटला. खोटी वही लिहिल्याबद्दल काळुरामला सहा महिने सक्तमजुरी. तिवरातलं आणि मांडवाजवळचं, दोन्ही राशींचं मीठ जप्त. आणि परवानेदारानं देखरेखीत हयगय केली म्हणून गोपीनाथअण्णांना शंभर रुपये दंड. अण्णांनी तिथंच बटवा सोडून नोटा मोजल्या आणि पावती मागून घेतली. पावतीवरची शाई वाळेपर्यंत ते तिच्यावर फुंकर घालत उभे होते.

दुसऱ्या दिवशी आगरावर त्यांनी लोकांना सांगितलं: मीठ सरकारनं नेलं, मग मजुरी कशाची? वैशाखाचा सगळा पैसा बुडाला. कुणाच्या घरची लग्नं अडली, कुणी भांडी गहाण टाकली. चार दिवस लोकांनी अण्णांना शिव्या दिल्या. पाचव्या दिवसापासून काळुरामला द्यायला लागले. खरं बोलायचं होतं तर तीन वर्षांपूर्वी बोलायचं, आमची मजुरी हातात पडल्यावर बोलायचं. एवढं तरी कळायला हवं होतं शिकलेल्या माणसाला. सहदेवसुद्धा बहिणीला म्हणाला, "दाजीनी मना सोरवला का सवताला, त्यो मना अजून समजत नाय." आणि तो नावेवर काम धरून वसईकडं निघून गेला.

तुरुंगात काळुराम काथ्या कुटत होता. पहिल्या महिन्यात त्याच्या तळव्यांची साल निघाली. लिहिणाऱ्याचे हात होते ते. तुळसा दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा पावसात खाडीला पूर होता, तिला येता आलं नाही. काथ्या कुटताना तो तोंडानं आकडे म्हणायचा. बरोबरच्या कैद्यांना वाटायचं, मोगरीचे घाव मोजतोय. त्याला ते नको होतं, पण डोक्यातून जातच नव्हतं. नाव आणि आकडा, नाव आणि आकडा, चाळीसच्या चाळीस.

मार्गशीर्षात तो सुटला. दाराबाहेर दगडू उभा होता, हातात नवं धोतर.

"अन्नानी मना तुज्याकडं धारलाय," दगडू म्हणाला. जुनी सलगी करायला त्याला जरा वेळ लागला. "ये म्हंतात. मांडव तुजाच. पगार दीडपट."

काळुरामला आधी समजलंच नाही. "कशाला?"

"नवा मेहता आनलाय, त्याला लोकं मोजून देत नाईत. रोज मारामाऱ्या. अन्ना म्हनाले, काळू आता खऱ्यापायी तुरुंगान जाऊन आलाय. आता त्याच्या वहीवर लोकं डोले मिटून आंगठा देतील."

काळुरामनं धोतर घेतलं. क्षणभर हातात धरलं. चांगलं होतं, मऊ. मग रस्त्याकडेच्या गटारात टाकलं आणि पायानं दाबून ते पूर्ण बुडेपर्यंत तसाच उभा राहिला. "अन्नाना सांग," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून अशी शिवी आली की दगडू दोन पावलं मागं सरकला.

माजिवड्यात घराला कडी होती. शेजारणीनं दाराआडूनच सांगितलं, तुळसा आणि तिची आई कोलशेताला दुसऱ्याच्या आगरावर जातात. पोरीला पण नेतात. तो तसाच निघाला. बांधावरून चालताना लांबूनच त्याला ओळखीच्या बायका दिसल्या. अण्णांचं आगर सोडून पंधरा-वीस जणी इकडं आल्या होत्या. मीठ नुकतंच धरायला लागलं होतं, पातळ, ओलं, जड.

तुळसानं त्याला बघितलं. डोक्यावरची टोपली राशीवर ओतूनच ती जवळ आली. "आलाव?"

"आलू."

तिनं त्याचे हात उलटे करून तळवे बघितले. मग तोंडानंच वाफ्याकडं खूण केली. तिथं आवडाबाई टोपली भरत बसली होती. सहा महिन्यांत ती वाळून काटकी झाली होती.

काळुराम चिखलातून तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं तुरुंगात ठरवलं होतं.

तिनं मान वर केली नाही. ओंजळीओंजळीनं मीठ टोपलीत घालत राहिली. "माजं किती खाल्लास?" तिनं विचारलं.

"मामी, इसातली एक धरत होतू तवापासून सांगू, का—"

"पयल्यापासून."

"पयल्या दोन वर्सांन तीनशे एकाहत्तर. ह्या साली चारशे अठ्ठेचालीस. समदं मिलून आठशे एकोनीस."

म्हातारीचे हात थांबले. "म्हंजे किती?"

"तेहेतीस दिस," तो म्हणाला. "तेहेतीस दिस तुमी फुकट वाहिलाव."

"तेतीस दिस." तिनं आपल्या पायांकडं बघितलं. आंगठ्याजवळची एक भेग बोट जाईल एवढी उघडी होती. "दोन सालं मना ताप व्हता चैतान. तरी येत व्हतू. त्ये पन धरलंस का त्येन?"

"धरलंय."

बाजूच्या बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या होत्या. एक पुढं आली. "माजं?" त्यानं सांगितलं. दुसरी आली. त्यानं तिचंही सांगितलं. "माज्या सासूचं? ती मेली औंदा." तेही सांगितलं. मुकादम बांधावरून ओरडत होता, पण कुणी वळून बघितलं नाही. एकीनं आकडा ऐकला, खाली वाकली आणि ओल्या चिखलाचा गोळा त्याच्या छातीवर मारला. तो फुटून त्याच्या मानेवर, ओठांवर उडाला. खारट होता. त्यानं पुसला नाही. पुढच्या बाईचा आकडा सांगितला. तुळसा कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं कुणाला अडवलं नाही आणि आपला आकडा विचारला नाही.

सगळ्यांचं झालं तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. बायका एकेक करून वाफ्यांत परतल्या. काळुराम तिथंच उभा राहिला. चिखल छातीवर वाळत होता आणि कातडी ओढत होता. कुठं जायचं ते त्याला कळत नव्हतं.

आवडाबाईची टोपली भरली होती. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपलीच्या काठाला हात घातला, उचलायला गेली. ओलं मीठ हललं नाही. तिनं पुन्हा जोर केला. मग तशीच वाकलेली राहून म्हणाली,

"उबा काय ऱ्हायलास? हात लाव."

तो खाली बसला. टोपलीखाली दोन्ही हात घालून त्यानं ती वर उचलली. मिठाचं पाणी त्याच्या सोललेल्या तळव्यांवरून कोपरापर्यंत झोंबत आलं. टोपली तिच्या डोक्यावर टेकली, तिनं मान ताठ केली, तोल सावरला आणि बांधाच्या दिशेनं चालायला लागली.